उतार संपला की

आमच्या वकीलबाई मनाने चांगल्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल, आणि तो अधिकार फक्त माझा आहे.

त्यांचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. जिना असा की निम्म्या पक्षकारांनी चढता चढताच केस सोडून दिली असेल. हे गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत पुढे. मी उजवा हात झोळीत अडकवून मागे. वर पोचलो तेव्हा आम्हा दोघांचं मिळून जेमतेम एक धड माणूस झालं असतं.

वकीलबाईंनी पाणी दिलं, पंखा लावला आणि सगळं ऐकून घेतलं. भाड्याने घेतलेला ट्रक, मागे आमच्या दोघांचं दोन गावांतलं सामान, चालवायला हे, शेजारी मी, डोंगरातला उतार आणि पायाखाली मऊ पडलेला ब्रेक. ट्रक भाड्याने देणारी कंपनी म्हणत होती की ब्रेक ठणठणीत होता, चालवणाऱ्याचंच लक्ष नव्हतं.

"काकू, एक अडचण आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचा आणि काकांचा वकील एक असून चालणार नाही."

"का? आमचं काय भांडण आहे?"

"तुमचं नसेल. कायद्याने असू शकतं." मग त्यांनी समजावून सांगितलं. चूक कंपनीची ठरली तर माझ्या खांद्याची भरपाई कंपनीने द्यायची. चूक यांची ठरली तर ती यांच्या विम्यातून मिळायची. मी शेजारी बसलेली, माझी चूक कशातच नाही, म्हणजे मला कुठूनतरी मिळणार. यांचं मात्र तसं नाही. आणि एकाच वकिलाने एका हाताने यांना वाचवायचं आणि दुसऱ्या हाताने यांच्याकडेच बोट दाखवायचं, हे बसत नाही. "काकांसाठी माझे एक सहकारी आहेत, त्यांच्याकडे पाठवते. आणि सुनावणी होईपर्यंत अपघाताबद्दल एकमेकांशी बोलू नका. नाहीतर समोरचे वकील म्हणतील, नवराबायकोने घरी बसून जबाब ठरवले."

मी बरं म्हटलं. यांनी फक्त मान हलवली. ती मान मी तेव्हाच नीट बघायला हवी होती, असं जाऊबाई नंतर म्हणाली. तिला नंतर सगळंच सुचतं.

घरी आलो. यांनी बॅग काढली, दोन शर्ट, दाढीचं सामान आणि गुडघ्याचं तेल भरलं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या भावाकडे राहायला निघून गेले. दारात म्हणाले, "सुनावणी झाली की येतो." बस्स. जणू कोपऱ्यावर सुतळी आणायला चालले होते.

आता हे असं का, ते कळायला तुम्हाला यांची नोकरी माहीत पाहिजे. हे बंदरावर क्रेन चालवायचे. उंच काचेच्या खोलीत एकटं बसायचं, आणि खाली लोंबणाऱ्या हुकावर नजर ठेवायची. त्या धंद्याचा एक नियम आहे. ओझं उचलायची खूण खालचा एकच माणूस करणार, ज्याला त्या दिवशी नेमलंय तोच. दुसऱ्या कोणाची खूण मानायची नाही, मग तो बंदराचा मोठा साहेब का असेना. पण थांबायची खूण कोणीही करो, झाडूवाला करो, चहावाला करो, जागच्या जागी थांबायचं. का, कशाला, विचारायचं नाही. यांनी सगळी नोकरी त्या नियमावर काढली आणि एकदाही ओझं पाडलं नाही. ते एवढंच अभिमानाने सांगतात, बाकी कशाबद्दल तोंड उघडत नाहीत.

तर वकीलबाईंनी थांबायची खूण केली. हे थांबले. बाई म्हणाल्या होत्या अपघाताबद्दल थांबा. हे संसारासकट थांबले.

मला इतका राग आला की मी दोन दिवस धड जेवले नाही. कारण हा संसार सुरूच कुठे झाला होता? लग्न झालं तेव्हा बंदरावर एकट्या पुरुषांच्याच खोल्या होत्या. मी माझ्या गावी हॉस्पिटलच्या शिवणखात्यात, चादरी, गाऊन, डॉक्टरांच्या टोप्या शिवत. सासूबाई माझ्याकडे. हे सुट्टीत यायचे, नळ दुरुस्त करायचे, छपरावर चढायचे, जेवायचे, झोपायचे, जायचे. बदली मिळेल म्हणत राहिले, ती मिळाली नाही. मग म्हणायला लागले, निवृत्त झालो की. आधी हे निवृत्त झाले, मग मी, आणि मग या गावात दिराच्या ओळखीने दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं. तळमजला, दारात पेरूचं झाड. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका पत्त्यावर राहणार होतो. आणि ट्रक दुसऱ्या कोणी चालवलेला यांना चालणार नव्हता, कारण म्हणे ओझं आपलं आहे.

आता त्या घरात मी एकटी, आणि निम्मी न उघडलेली खोकी. यांच्या खोक्यांवर यांच्या हातचं लिहिलेलं, "वर", "नाजूक", "आधी उघडणे". आधी कोण उघडणार? मी खुर्च्या दोन मांडल्या होत्या, त्यातली एक भिंतीला लावून टाकली. मग परत टेबलाशी आणली. दुसऱ्या दिवशी परत भिंतीला. डाव्या हाताने खुर्ची ओढायला किती वेळ लागतो, ते मला आता चांगलं माहीत आहे.

मी वकीलबाईंकडे गेले. "एकत्र राहू नका म्हणालात का तुम्ही?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो काकू, नाही! एकाच घरात राहा, जेवा, भांडा. फक्त त्या दिवसाबद्दल बोलू नका." त्यांनी लगेच यांच्या वकिलाला फोन लावला. यांचे वकील टक्कल पडलेले, हसरे. त्यांनी यांना विचारलं आणि उलट फोन केला. हे म्हणाले होते, "एका घरात राहिलो की बोलणं निघणारच. मग तिथे विचारलं, बोललात का, तर मला खोटं सांगता येणार नाही. मला खोटं येत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

संध्याकाळी मात्र हे यायचे. घरात नाही. आमच्या समोरच्या बसथांब्यावर येऊन बसायचे, काठी गुडघ्यांमध्ये धरून. एक बस जायची, दुसरी जायची, हे कुठलीच घ्यायचे नाहीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायचे. पहिल्या दिवशी मुद्दाम दिवा लावला. नंतर नंतर केसही विंचरायला लागले, डाव्या हाताने, जमेल तसे. हे बसकडे बघायचे, रस्त्याकडे बघायचे, पेरूच्या झाडाकडेही एकदा बघितलं. खिडकीकडे नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, इकडे बघायला कोणत्याच वकिलाने मनाई केलेली नाही! पण मीही हट्टाची. आपण पाय आपटत गेलेल्या माणसाला हाका मारत नाही. शिवाय हे पाय आपटत गेलेच नव्हते, तेच तर दुखत होतं. रागावून गेलेला माणूस निदान परत तरी येतो.

खरं सांगायचं तर मला यांची फार आठवण यायची. समोर बसलेल्या माणसाची आठवण येणं हा काय प्रकार असतो, ते मी कोणाला सांगू शकले नाही. बंदरावर होते तेव्हा लांब होते, म्हणून सोसत होतं. आता रस्त्याच्या पलीकडे होते.

निरोप जाऊबाईमार्फत चालायचे. ती इकडचं तिकडे नेताना दोन चिमट्या मीठ घालते, पण माणूस मायेचं. एकदा आली आणि म्हणाली, "ताई, भावजी रोज विचारतात, हात किती वर जातो. मी काल सांगून टाकलं, अजिबात जात नाही, वेणी घालता येत नाही, मशीन तर लांबच. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले आणि कंपनी दाद देत नाही, तेही सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"जेवता जेवता उठले."

कंपनी दाद देत नव्हती हे खरंच होतं. अपघातानंतर ट्रक त्यांनीच उचलून नेला, आणि वकीलबाईंची नोटीस पोचेपर्यंत त्याचे ब्रेक बदलून टाकले होते. जुने भाग कुठे आहेत विचारलं, तर म्हणे सापडत नाहीत. आमच्या बाजूने बोलणारे दोनच, हे आणि मी.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. पुढे निवाडा करणारे साहेब, चष्म्यावरून बघणारे. त्यांच्या बाजूला टायपिस्ट मुलगी. कंपनीचे वकील गोड आवाजाचे; असे लोक बघितले की मी पर्स घट्ट धरते. मी वकीलबाईंच्या शेजारी, हे पलीकडच्या बाकावर त्यांच्या वकिलांजवळ. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. माझा डावा हात तिकडे जायला निघाला आणि मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

यांचा जबाब आधी होता. नाव, धंदा, परवाना. मग गोड आवाज म्हणाला, "काका, उतारावर तुमची नजर कुठे होती?"

यांनी काठीने माझ्या दिशेला दाखवलं. "हिच्याकडे."

यांच्या टकल्या वकिलांच्या हातातलं पेन खाली पडलं. "काका, प्रश्न नीट ऐका," ते म्हणाले.

"ऐकला की. हिच्याकडे बघत होतो. रस्त्याकडे लक्ष नव्हतं. ब्रेक उशिरा दाबला. चूक माझी."

कंपनीच्या वकिलांना एवढ्या लवकर लॉटरी लागेल असं वाटलं नसावं. ते आणखी गोड झाले. "आणि बघत का होता, काका?"

हे विचारात पडले. मला माहीत आहे, यांना असल्या गोष्टी बनवायला वेळ लागतो. "ती पडद्यांबद्दल बोलत होती," शेवटी म्हणाले. "बोलताना बरी दिसते."

टायपिस्ट मुलीची बोटं थांबली, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग ते टाइप केलं. माझे कान तापले. सगळ्या संसारात या माणसाने मला हे कधी म्हटलं नव्हतं. सुट्टीत नाही, पत्रात नाही, ट्रंककॉलवर तर नाहीच, तिथे मिनिटांचा हिशेब असायचा. आणि आता म्हणाले ते चष्म्यावरून बघणाऱ्या साहेबांसमोर, आणि तेही साफ खोटं.

होय, खोटं. माझ्याइतकं ते कोणाला माहीत?

वकीलबाई माझ्या कानाशी वाकल्या. "काकू, हे तुमच्या बाजूचं आहे. आता यांच्या विम्याला द्यावंच लागेल, ऑपरेशन लगेच होईल. तुम्हाला विचारतील. काकांचं म्हणणं खोडून काढायचं की नाही, ते मी नाही सांगणार. तुम्हाला जे आठवतं ते सांगा."

"आणि यांचं काय होईल?"

"परवाना जाईल. निष्काळजीपणाचा गुन्हाही दाखल होऊ शकतो."

मी यांच्याकडे बघितलं. सरळ समोर बघत बसले होते, हात काठीवर, एकदाही ओझं न पाडलेला माणूस. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापून मोकळा झाला होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू बोजा अलगद जहाजात ठेवला.

माझं नाव पुकारलं. मी उठून खुर्चीपाशी गेले. तेवढ्या वाटेत माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण ते लपवण्यासारखं नाही. मला वाटलं, राहू दे. खांद्यासाठी नाही. पण सरकारी कागदावर, शिक्क्यानिशी लिहिलं गेलं होतं की हा माणूस माझ्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मी फक्त "आठवत नाही" एवढं म्हटलं असतं की ते तसंच खरं होऊन राहिलं असतं. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

"मावशी," गोड आवाज म्हणाला, "तुमचे यजमान म्हणतात ते बरोबर ना? ते तुमच्याकडे बघत होते?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? तुमचे यजमान खोटं बोलतायत?"

"हो. आणि येत नाही त्यांना. बघा ना, कसं केलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, सविस्तर सांगा."

मग मी सांगितलं. आधी हळू सांगणार होते, पण एकदा तोंड उघडल्यावर माझा राग मला विचारून येत नाही. "साहेब, माझ्या मांडीवर कापडाचे दोन तुकडे होते. एक निळा, एक बदामी. उतार लागल्यापासून मी विचारत होते, खिडकीला कुठला घ्यायचा. यांनी मान वळवली नाही. मी निळा धरून दाखवला. नाही बघितला. बदामी धरला. नाही बघितला. म्हटलं, अहो, तुमच्याशी बोलतेय. तर म्हणाले, 'उतार आहे.' दोन शब्द! अख्ख्या रस्त्यात या माणसाने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. अख्ख्या संसारात धड बघितलं नाही, आणि हे म्हणतात उतारावर बघत होते!"

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी टेबलावर बोट वाजवलं.

"मी चिडून यांच्याकडेच बघत होते, म्हणून मला सगळं दिसलं. पाय ब्रेकवर गेला आणि तळाला टेकला. यांनी उचलला, परत दाबला. परत दाबला. हँडब्रेक ओढला, तोही लागला नाही. घाबरले नाहीत. मला म्हणाले, 'धर.' समोरून कोणी येत नव्हतं, ते बघितलं, आणि ट्रक पलीकडे घातला. माझ्या बाजूला दरी होती, साहेब. यांच्या बाजूला डोंगर. यांनी डोंगराला आपली बाजू दिली. माझा फक्त खांदा गेला, कारण यांचा गुडघा गेला. ज्याचं लक्ष नाही, तो माणूस कुठल्या बाजूने आपटायचं ते निवडतो का?"

टायपिस्ट मुलगी वेगाने बडवत होती.

"आणि ट्रक ताब्यात घेताना तिथला माणूस मला म्हणाला होता, ब्रेक जरा आधीपासून दाबत चला, गाडी जुनी आहे. हे तेव्हा टायर बघत फिरत होते. तो माणूस आता नाही म्हणतो. म्हणू दे. मला नाही येत विसरता."

गोड आवाजाने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, पण त्यातली साखर संपली होती. साहेबांनी यांना परत उभं केलं आणि म्हणाले, "तुमच्या पत्नी म्हणतात ते खरं की तुम्ही म्हणता ते?" हे काठीच्या मुठीकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "तुम्ही शपथेवर आहात." हे हळूच म्हणाले, "ब्रेक लागला नाही." साहेबांनी यांना चांगलं खडसावलं, आणि कंपनीला सांगितलं की जुने भाग पुढच्या तारखेला हजर करा, आणि ते बदलणारा मिस्त्रीही. यथावकाश कंपनी तडजोडीला आली, माझा खांदा आता वेणी घालण्याइतका झालाय. पण ते सगळं नंतरचं.

आम्ही बाहेर आलो. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेले बाक, एका टोकाला पाण्याचं पिंप. हे त्यांच्या वकिलांबरोबर त्या टोकाला, मी वकीलबाईंबरोबर या टोकाला. यांचे वकील यांना बोलत होते, आणि हे ऐकून घेत होते. मग ते गेले. हे एकटेच उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून, पिंपाकडे बघत.

"काकू, आता बोला की," वकीलबाई म्हणाल्या. "दोघांचे जबाब झाले. बोला काय ते." त्या यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "काका, आता चालेल!" हे जागचे हलले नाहीत. हसले नुसते, वळून, नम्रपणे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थांबवायला कोणीही चालतं. उचलायची खूण एकाच माणसाची.

लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला त्या खुणा शिकवल्या होत्या, अंगणात, हसत हसत. आडवा पसरलेला पंजा म्हणजे थांब. हात वर, एक बोट आभाळाकडे आणि ते बोट गोल फिरवलं की उचल. बस सुटताना मी खालून तशी खूण करायचे आणि हे खिडकीतून हसायचे. पुढे ते सुटलं. माझा उजवा हात वर जात नव्हता. मी डावा केला. व्हरांड्यात येणारे-जाणारे बघत होते, वकीलबाई बघत होत्या, मी वेड्यासारखी बोट फिरवत उभी.

हे आले. काठी टेकत, सावकाश, सगळा व्हरांडा ओलांडून. माझ्यासमोर उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे तोंडाकडे न बघता माझ्या झोळीकडे बघायला लागले. मी आधी ती कॉलर बाहेर काढली. मग विचारलं.

"खरं सांगा. एकदा तरी बघितलं होतं का? उतारावर?"

"तूच तर सांगितलंस, नाही म्हणून."

"ते साहेबांना सांगितलं. मी आता विचारतेय."

यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "नाही बघितलं," म्हणाले. "उतार संपला की बघणार होतो. ठरवलं होतं. निळा की बदामी, तेही सांगणार होतो."

मला त्या खिडकीतल्या संध्याकाळी आठवल्या, त्या सुट्ट्या, ती न मिळालेली बदली.

"संपला," मी म्हटलं. "आता संपला उतार."

यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. आणि बघितलं. तिथे व्हरांड्यात, लोकांच्या येण्याजाण्यात, काठीवर भार देऊन माझ्याकडे बघत राहिले. इतकं, की शेवटी मीच मान खाली घातली.

"निळा," हे म्हणाले.